घरात रेंज आहे

बाबा,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. फोनची कंपनी बदलायचा अर्ज मात्र मी भरलेला नाही.

घरात रेंज नाही, म्हणून दवाखान्याचा फोन लागत नाही आणि तुमचा रिपोर्ट कळत नाही, असं तुम्ही दोन आठवडे म्हणताय. म्हणून मी माझ्या कामाच्या प्रयोगशाळेतल्या तिघींकडून तीन कंपन्यांची सिम मागून आणली. त्यात एक तुमच्याच कंपनीचं होतं. प्रत्येक सिम प्रत्येक खोलीत, सकाळ-संध्याकाळ लावून पाहिलं. सगळ्यात चांगली रेंज तुमच्या कंपनीची आहे. अगदी बाथरूममध्येसुद्धा.

मग फोन वाजला की तुम्ही चपला घालून खाली गेटपाशी का जाता? काल विचारलं तर म्हणालात, "अगं, जुना मित्र आहे, त्याला मोठ्यानं बोलायची सवय." मोठ्यानं तो बोलतो, तर खाली तुम्ही कशाला जायचं? आणि वर आल्यावर शब्दकोडं तसंच टाकून तुम्ही आडवे झालात. इतक्या वर्षांत तुम्ही कोडं अर्धं सोडलेलं मी पाहिलेलं नाही.

रिपोर्टमध्ये जे असेल ते मी ऐकून घेईन. नुसत्या अंदाजावर मात्र मला दिवस काढता येत नाहीत.

मी सहाला येते. दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. फोन माझ्यासमोर लावा, स्वयंपाकघरात बसून. तिथे रेंज पूर्ण येते.

तुमची धाकटी