खासदारांच्या हातात दिलेलं पाकीट

११ जुलै १९८४, बफेलो

पुलापलीकडून, कॅनडातून, नंदूचा फोन. त्यांच्याकडे निवडणूक लागली, ४ सप्टेंबरला मतदान. स्वारी खुशीत. "ताई, आता बघ आईचं काम होतं की नाही. इलेक्शनमध्ये सगळी कामं होतात." याने नागपूर सोडून पंधरा वर्षं झाली, पण नागपूर काही याला सोडत नाही. आईच्या इमिग्रेशनची फाइल कॅनडाच्या दिल्लीतल्या कचेरीत अडीच वर्षं पडून आहे. सरकारला अडीच वर्षांत जी दिसली नाही, ती आठ आठवड्यांत दिसणार म्हणे.

मी बोलू नये, खरं तर. मी इथली, अमेरिकेची, सिटिझन झाले असते तर आईला केव्हाच आणता आलं असतं. फॉर्म आणून ठेवलाय त्याला आठ वर्षं झाली. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. आई तिकडे एकटी, आणि मी इकडे पासपोर्ट कवटाळून.

२६ जुलै

काल टीव्हीवर त्यांच्या पुढाऱ्यांचा वादविवाद पाहिला. सरकारने निवडणुकीच्या तोंडावर आपल्या माणसांना खुर्च्या वाटल्या, त्यावरून पंतप्रधानांना चांगलंच धरलं. चेहरा पाहण्यासारखा झाला. मी एकटीच टीव्हीशी भांडत होते. त्या नेमणुकांवर सह्या करायला यांना वेळ होता. एका म्हातारीच्या कागदावर मात्र...

व. म्हणाला, "तुला काय करायचंय? तुझं तिथे मत नाही. इथेही नाही." नवऱ्याचं म्हणणं खरं असलं की जास्त झोंबतं. चौदा वर्षं झाली, मी कुठेच मत दिलेलं नाही.

९ ऑगस्ट

आईशी बोलले. फोन शेजारच्या कमलताईंकडे लावावा लागतो. जेवलीस का, हे आईने तीनदा विचारलं. नंतर कमलताई हळू आवाजात: "परवा गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या होत्या. आमच्या दारात येऊन स्वतःचं घर विचारत होत्या, बाई."

मी डॉक्टर आहे. हे काय आहे ते मला कळतं. ती आम्हाला अजून किती दिवस ओळखेल, तेही साधारण कळतं. लिहवत नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

नंदू येऊन गेला. तिथल्या खासदारांचे बोर्ड लोकांच्या अंगणात ठोकत फिरतोय. सत्तेतल्या पक्षाचे आहेत. दिल्लीहून पत्र आलंय, आईच्या जन्माचा मूळ पुरावा द्या. तो माझ्याकडे आहे. शाळेचा दाखला आणि बाबांबरोबरचा लग्नातला फोटो, आईने दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांबरोबर माझ्या भरवशावर पाठवलेले. ती शाळाही आता उरलेली नाही.

"खासदार आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीला येणारेत. साहेबांच्या हातातच देऊ."

"कॉपी दे, नंदू."

"कॉपीला वजन नसतं गं. ओरिजिनल हातात पडलं की माणूस लक्ष घालतो."

मी म्हटलं, या माणसाने तुझ्या एका पत्राला उत्तर दिलेलं नाही. तर म्हणे, आता फोनवर नावाने हाक मारतात. खूप भांडलो. जेवला नाही, तसाच गेला.

१ सप्टेंबर, नंदूकडे

मंडळाचा गणपती, शाळेच्या जिममध्ये. खासदार आले. सांगायच्या आत बूट काढले, गंध लावून घेतलं, आरतीला टाळ्या वाजवल्या. शाल-श्रीफळ झालं. नारळ कसा धरायचा कळेना, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला. भाषणात म्हणाले, आईवडिलांसाठी कुणाला इतकं थांबावं लागू नये, मी जातीने लक्ष घालीन. सगळ्यांचे डोळे भरले. माझेही. टीव्हीशी भांडणाऱ्या बाईचे.

दाखला आणि फोटो घातलेलं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. नंदूने मागितलं नाही. मीच उठले. दोन्ही हातांनी दिलं, वर जवळजवळ वाकले. त्यांनी ते मदतनिसाकडे दिलं, त्याने शालीवर ठेवलं. कॉपी काढलेली नाही. हॉस्पिटलात कॉपीचं मशीन रोज माझ्या डोळ्यांसमोर असतं.

५ सप्टेंबर

खासदार पडले. सरकारही गेलं.

१४ सप्टेंबर

रजा टाकून नंदूबरोबर त्यांच्या ऑफिसात गेले. निवडणुकीपुरती भाड्याने घेतलेली दुकानाची जागा, आत खोकीच खोकी. एक मुलगी सामान आवरत होती, बिचारीने शोधू दिलं. एका खोक्यात आमची शाल सापडली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पाकीट नाही. काही कागद मोठ्या ऑफिसात गेले, काही फेकले, म्हणाली. मोठ्या ऑफिसातही नाही. नव्या खासदारांच्या माणसाने सांगितलं, नवा अर्ज करा, सोबत जन्माचा मूळ दाखला जोडा. जुन्यांचं गरज सरो नि वैद्य मरो, आणि नव्यांना वैद्य ठाऊकच नाही.

नंदू फुटपाथवर बसला. "ताई, तू तरी अडवायचं होतंस." अडवलं होतं की. मग स्वतःच्या हाताने दिलं. त्याच्याशेजारी बसले.

२३ सप्टेंबर

सिटिझनशिपच्या फॉर्मवर आज सही केली. परीक्षा, मुलाखत, शपथ, मग आईचा अर्ज. त्यालाही जन्माचा दाखला लागणारच. कमलताईंचे यजमान महापालिकेत जुनी नोंद सापडते का बघणार आहेत. बघू.

आईला सांगायला हवं होतं, म्हणून फोन केला. "आई, कागद परत काढावे लागतील. यायला थोडा वेळ लागेल."

"कुठे यायला?"

"इकडे. आमच्याकडे."

आई एकदम खुशीत म्हणाली, "अगं, मग आधी नाही का सांगायचं? बॅग भरायला घेते. कधी निघायचं?"

मी म्हटलं, भर हळूहळू.