तेवीस नंबरची जर्सी

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलगी होऊन तीन दिवस झाले. दवाखान्यात दहा मिनिटं होतो. सेल्फी चांगला आलाय. बायको निशिगंधा मुलीला घेऊन बिद्रीला, माहेरी. एक दिवसाआड जायचं. आदर्श बाप व्हायचं.

७ फेब्रुवारी
गेलो नाही. प्रॅक्टिस. शिवाजी पेठेतल्या आमच्या फुटबॉल टीमचा मी राखीव गोलकीपर. यंदा एकदाही उतरवलं नाही, पण कोच म्हणतो, तू बेंचवर असलास की आधार वाटतो.
मोबाइलवर प्राण्यांचे व्हिडिओ पाहिले. हत्तीचा नर पिल्लाकडे फिरकत नाही. बिबट्याही नाही. कासवीण तर अंडी घालते आणि थेट समुद्रात. तरी कासवं टिकलीच. मन हलकं झालं.

१२ फेब्रुवारी
निशिगंधाने पेंग्विनचा व्हिडिओ पाठवला. नर दोन महिने उपाशी, पायांवर अंडं घेऊन बर्फात उभा. मी कळवलं, पेंग्विनांच्यात फुटबॉल नसतो. तिने नुसता अंगठा पाठवला. पटलं असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
बिद्री. पोरीला घेतलं, किंचाळली. सासऱ्यांनी, म्हणजे बाळासो आबांनी घेतलं, गप्प. म्हणाले, पावणं, वास वळखीचा व्हाया पायजे, आठ दिस ऱ्हावा की. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराला घालतात म्हणे. मेंढी हुंगते आणि पाजते.
लगेच आयडिया आली. माझी तेवीस नंबरची जर्सी पाळण्यावर टाकून आलो. अपशकुन नको म्हणून सीझनभर धुतलेली नाही. बेंचवर ट्रॅकसूट चालतो. आता मी पेठेत आणि माझा वास बिद्रीत. आठ दिवस वाचले.

२१ फेब्रुवारी
फोनवर निशिगंधा म्हणाली, जर्सीला गाल लावल्याशिवाय पोर झोपत नाही. आणखी काही सांगत होती, पण मॅच सुरू झाली. बाप म्हणून इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

२ मार्च, रविवार, दुपारी अडीच
बारसं. मॅच पाचला, तीनला निघायचं असं ठरवून आलो.
पोचलो तर जर्सी सासऱ्यांच्या अंगात. म्हणाले, पहाटे पोरीला घिऊन गोठ्यातनं फिरतो, गारठा असतोय, हीच हाताला लागली. रोज फिरतात.
पोरीला घेतलं, रडली. चारचौघांत फार लागलं. जर्सी मागून घेतली, घातली. शेण, दूध, तंबाखू. माझा वास कुठेच नाही. पुन्हा घेतलं. गाल टेकला आणि झोपली.
मी सगळ्यांना म्हणालो, बघा, बापाला ओळखलं. निशिगंधा म्हणाली, आबांना वळखलं तिनं.
नाव आत्याने कानात सांगितलं, तेजस्वी. माझ्या खांद्यावरच.

तीन वाजले
एका हाताने लिहितोय. कोचचा मेसेज आला, पहिल्या गोलकीपरचा पाय मुरगळलाय, आज तू उतरायचं, ताबडतोब नीघ.
मोबाइल उपडा ठेवला. हललो तर उठेल. आणि तिच्या गालाखालची जर्सी काढता येत नाही.