मडमेचा घेर

४ जानेवारी, रविवार
नाटकातली मडम अजूनही मीच करणार, हे पक्कं. सरांनी तालमीत सगळ्यांसमोर बजावलं, परकराखाली उशा बांधून चालणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रज बाई पोलादपुराहून डोलीत बसून महाबळेश्वरला निघाली आहे, तिचा झगा घेरदारच हवा. आत कड्यांचा सांगाडा असतो म्हणे. हूप स्कर्ट. ऑनलाइन शोधला, किंमत बघून मोबाईल पालथा ठेवला. मुंबईला भाड्याने मिळतो, पण अनामत आमच्या मंडळाला झेपणारी नाही.

साहेबाच्या कामात प्र. साखरपुडा मोडल्यापासून त्याचं पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही. त्याच्या आईची अट, लग्नानंतर नाटक बंद. मी नाही म्हटलं. तो तिथेच बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होता. एक अक्षर बोलला नाही. स्टेजवर मात्र आवाज खणखणीत.

नाटक सोडणार नाही. सोडायचंच होतं तर मोडलं कशासाठी?

६ जाने., मंगळ.
महाडची बाजारपेठ पालथी घातली. हूप म्हटलं की सगळे कॅनकॅन काढतात, लेहेंग्याखालची ती कडक जाळी. घालून बघितली, गुडघ्यापाशी मान टाकते. दुकानदार म्हणतो, "ताई, सगळ्या नवऱ्या हेच नेतात." बरं बाबा.

नसीमभाभी माझे ब्लाउज शिवतात, त्यांना फोटो दाखवला. म्हणाल्या, "कपडा मी शिवते, नेफे घालून देते. आत बांबूची कडी सरकव. कशाला पैसे घालवतेस?" हे मला का सुचलं नाही! लगेच पोलादपूरच्या धोंडूकाकांना फोन. आमच्या घरच्या टोपल्या वर्षानुवर्षं तेच विणतात. म्हटलं, पाच हूप हवेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. "देतो की गो," म्हणाले. आवाज तुटत होता, पण काम झालं.

८ जाने.
तालीम. शेवटच्या प्रवेशात साहेब मडमेच्या कानात काहीतरी सांगतो, ती हसून मान डोलावते. प्रेक्षकांना ऐकू यायचं नसतं, म्हणून संहितेत वाक्यच नाही. दिवाळीआधी प्र. तिथे काहीही बोलायचा. "नंतर भजी खायची?" हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

आता नुसते ओठ हलवतो. मी रोज कान देते. लाज वाटते, पण देते.

११ जाने., रवि.
एसटीने पोलादपूर. काकांनी कौतुकाने माझ्या पुढ्यात मांडली, पाच सुपं. लहानापासून मोठ्यापर्यंत.

"काका, मी हूप म्हटलं होतं."

"सूपच हायत की. तुज्या आयशीनं दिवाळीलाच सांगून ठेवलंय, पोरीच्या लग्नाला सूप-रोवळी लागंल. म्हनलं, पोरगी हौशी हाय, पाच सांगतेय."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीच सांगितलं, लग्न नाही होत.  काका "ऱ्हाऊ दे तर" म्हणून सुपं मागे ओढायला लागले. मी घेतली. त्यांची काय चूक?

काडीने मातीत गोल काढून दाखवले तेव्हा उजेड पडला. "म्हंजे कोंबड्या झाकायच्या डालग्याचा सांगाडा. आन त्यात तू उभी ऱ्हानार?" हो काका, मीच.

घरी आई त्या कोऱ्या सुपांकडे बघत बसली. मग विचारलं, "कुठे ठेवू ही?"  दोघी रडलो. मी तर खूप.

१८ जाने.
कडी आली, हलकी, तासून गुळगुळीत केलेली. भाभींनी रात्रीचा दिवस करून झगा पुरा केला. घालून तालमीला उभी राहिले आणि सगळे बघतच राहिले. प्र.सुद्धा. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण कानगोष्टीची जागा आली आणि तो दोन हात लांबच अडला. तिथूनच ओठ हलवले. सर ओरडले, "अरे, कानात सांगायचंय, नदीपलीकडे नाही. प्रयोगाला नीट वाक." हो म्हणाला.

इतकी वणवण करून मी स्वतःभोवती कुंपणच घालून घेतलं.

२४ जाने., शनि.
पोलादपूरला प्रयोग झाला. पडदा उघडताच टाळी पडली ती झग्याला. भाभी पहिल्या रांगेत होत्या.

शेवटचा प्रवेश. प्र. पुढे आला, कड्याला गुडघे लागले तरी थांबला नाही, वाकला. पुढून दाबलं की मागून उचलणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. झगा मागून थेट पाठीवर, खालचा लेंगा सगळ्या पोलादपुराने बघितला. लोक खो खो हसले, शिट्ट्या.

आणि त्या हशात प्र. बोलला. खरंच बोलला. कानाला श्वास लागला. तीन-चार शब्द होते. एकही कळला नाही.

मी हसून मान डोलावली. संहितेत आहे तशी.

२५ जाने.
प्र.चा मेसेज. साखरपुडा मोडल्यापासून पहिला. "तू मान हलवलीस. नक्की ना?"

नक्की काय? माफ कर म्हणाला असेल तर करून टाकलं. दुसरीकडे ठरतंय, मनावर घेऊ नकोस म्हणाला असेल तर तेही मान्य केलं, हसत. आणि चल, आईचं मी बघतो म्हणाला असेल तर...

ऐकूच आलं नाही, असं कळवलं तर तो "जाऊ दे, काही नाही" म्हणेल आणि संपलं. पुन्हा नाही बोलणार. ओळखते ना मी. एकदा तोंड उघडलं, तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी.

तो मला अजून हवा आहे. हे इथे लिहिता आलं. त्याला काय लिहू?