इच्छाशक्तीपुढे साखर काय!

३ जानेवारी १९८६
तहान फार. रात्रभर उठबस. वक्त्याचा घसा कोरडा पडणारच. खडीसाखर खिशात ठेवतो, आवाज मोकळा राहतो. वजन उतरते आहे. निरुपमा म्हणते, "अहो, कोट हँगरवर टांगल्यासारखा दिसतो. डॉक्टरला दाखवा." बायकोला वैचारिक तेज दिसत नाही.

१० जानेवारी
उद्या व्याख्यान : 'देहावर मनाचे राज्य'. टिपणे वाचताना अक्षरे पुसट दिसतात. हल्ली शाईच वाईट येते.

१३ जानेवारी, हॉस्पिटल
व्याख्यानात कोसळलो. नेमका "मन सांगेल तेच शरीर करील" या वाक्यावर. टाळ्या पडल्या, लोकांना अभिनय वाटला. एकटे मानसिंगराव धावले. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस माझे एकही भाषण चुकवत नाही. स्वयंसेवकांनी अशक्तपणा समजून ग्लुकोजचे पाणी पाजले. मानसिंगराव ओरडत होते म्हणे, "साखर देऊ नका! मी स्वतः डायबिटीसवाला आहे, मला कळतं!" कोणी ऐकले नाही. नंतर शुद्ध गेली.
तरुण डॉक्टर गुजरातीत म्हणाला, "काका, तमने मीठी पेशाब छे. थोडुं मोडुं थयुं होत तो..." म्हणजे मधुमेह; आणि जरा उशीर झाला असता तर, पुढचे हाताने दाखवले. माझ्यासारख्या निर्व्यसनी माणसाला! रिपोर्ट पुन्हा तपासायला सांगितले. पुन्हा तोच.

२२ जानेवारी
घरी. रोज दोनदा इन्सुलिन. निरुपमा सुई उकळते. कुठे टोचायचे ते मानसिंगरावांनी शिकवले. ते वर्षानुवर्षे स्वतःच घेतात. मी म्हटले, ही गुलामी आहे. हसले. "असेल सर, पण पगार रोखीत मिळतो. सकाळी डोळे उघडतात."
चांगला माणूस. विचारांनी जरा लवचिक. फेब्रुवारीत इन्सुलिन बंद करण्याचा संकल्प.

१६ फेब्रुवारी
पुनरागमनाचे भाषण. जन्मात असे बोललो नव्हतो. "मी सुई फेकून दिली! इच्छाशक्तीपुढे साखर काय!" सभागृह उभे राहिले. मानसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी.
(सकाळचे इंजेक्शन घेतले होते. रात्रीचेही घेतले. निरुपमाने सुई जरा जोरात टोचली. संकल्प पक्का आहे, फक्त अंमल बाकी. एवढा तपशील भाषणात बसत नाही.)

१८ फेब्रुवारी
निरुपमाला खंडेराव मार्केटात मानसिंगराव भेटले. पिशवीभर कारली. म्हणाले, "वहिनी, सरांनी सोडलं, मीही सोडलं! आता फक्त रस." तिने तिथेच खरे सांगितले. त्यांना वाटले, ती काळजीपोटी बोलते.
घरी येऊन तिने भाजी जमिनीवर टाकली. "आत्ताच्या आत्ता निजामपुऱ्याला त्यांच्या घरी जा. तुमच्या तोंडून ऐकलं तरच ते मानतील."
जाणार आहे. पण असे तडकाफडकी सांगितले तर त्यांची विचारांवरची श्रद्धाच मोडेल. आधी मांडणी हवी.

१९ फेब्रुवारी
मांडणी जमली : संकल्प आणि संक्रमणकाळ. दुपारी निघालो होतो, तेवढ्यात व्याख्यानमालेचे लोक आले. ते भाषण छापायचे म्हणतात. बोलता बोलता संध्याकाळ झाली.
निरुपमा एकटी जाऊन आली. मानसिंगराव उलट्या करत होते, तरी खुशीत. "विष बाहेर पडतंय, वहिनी." त्यांच्या पत्नी पद्मावहिनी घाबरल्या आहेत; पण डॉक्टरचे नाव काढले की ते चिडतात. उद्या सकाळी पहिले काम हेच.

२० फेब्रुवारी
सकाळी त्यांचा पुतण्या आला. मानसिंगराव पहाटे गेले.
मूळ कारण हृदयाचे असावे. या वयात असते.

२३ फेब्रुवारी
उद्या शोकसभा. मुख्य वक्ता मीच. मुद्दे : निष्ठा, निर्भयता, विचारासाठी जगणे.
संध्याकाळी पद्मावहिनी आल्या. हातात रुमालात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या. दारातूनच बोलत आत आल्या, "सर, तुम्हाला आता याचा काय उपयोग, पण कुणी गरजू असेल तर..."
मी शर्ट वर करून बसलो होतो. निरुपमाच्या हातात भरलेली सुई.
निरुपमाने हात मागे घेतला नाही. पद्मावहिनींनी सुईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी संक्रमणकाळाचा मुद्दा सुरू केला. त्यांनी बाटल्या टेबलावर एकेक करून ठेवल्या, रुमाल घडी करून पिशवीत घातला आणि गेल्या.
निरुपमाने बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. म्हणाली, "महिनाभर पुरतील तुम्हाला."
शोकसभेला येत नाही असा निरोप मी पाठवला. कारण लिहिले नाही.