बदलीचा माणूस

१ तारीख, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पो रिकामा झाला आणि माझ्या कमरेने हात टेकले. सामान मी उचललं नाही, नुसतं उभं राहून "ते जपून, ते आडवं नको" म्हणत होते, पण त्यानेही माणूस दमतं. घर कसलं, स्टेशन आहे. खरंखुरं रेल्वेचं स्टेशन, फक्त गाडी येत नाही. मुलगा माझा सुतार. या बंद स्टेशनाचं वाचनालय करायचं ठरलंय, त्याची कपाटं आणि दारं-खिडक्या करायला त्याला चार आठवडे बोलावलंय, राहायला स्टेशनमास्तरांच्या दोन खोल्या दिल्यात. तो म्हणत होता, आई, तू कशाला येतेस, नुसती धूळ आहे तिथे. मी म्हटलं, जन्मभर एकाच घरची धूळ झाडली, आता जरा वेगळी बघू दे.

ही वही सूनबाईने दिली. ती दवाखान्यात नर्स आहे, महिनाभर रजा टाकून आलीय. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिहा, अक्षर वळेल. माझी शाळा दुसरीत सुटली होती. नात आता दुसरीत आहे, म्हणजे आम्ही दोघी एका वर्गातल्या आणि ती माझ्यापेक्षा हुशार. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. नवं नवं लिहायला आलंय तर जिथे तिथे आपलं नाव लिहून ठेवते. पिठाच्या डब्यावर, माझ्या काठीवर, बापाच्या रंध्यावर. मला मात्र माझं नाव अजून धड जमत नाही. बाकीची जोडाक्षरं कशीबशी जमतात, पण नावात मधोमध एक बसलंय, वाटेत आडव्या पडलेल्या म्हशीसारखं. ते आलं की मी अडते. भिंगरी हात धरून लिहून घेते. आधी अर्धं, मग पूर्ण, आजी, असं सांगते. मी हटकून उलटं करते.

२ तारीख, मंगळवार

आज सगळं फिरून पाहिलं. फलाटावर गुडघाभर गवत. तिकिटाच्या खिडकीचा लाकडी काठ लोकांच्या कोपरांनी इतका गुळगुळीत झालाय की मुलगा म्हणाला, मी रंधा मारून असा करू शकणार नाही. आतल्या खोलीत सिग्नलचे पाच दांडे, त्यांच्या तारा बाहेर तुटून लोंबताहेत. भिंतीला एक पितळी घंटा. तिचीही तार तोडलेली. एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीवर उशी आहे आणि उशीला मधोमध खळगा, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. मी दोनदा थोपटून फुगवली. पुन्हा खळगा. जुना कापूस, दुसरं काय.

टेबलावर हे एवढं जाड बुक आणि बुकावर एक चष्मा. पानांवर चार रकाने. तारीख, वेळ, हकीकत, सही. सूनबाई म्हणाली, आई, ही तर स्टेशनाची रोजनिशी, तुमच्यासारखीच. म्हटलं, बरं झालं, सोबत झाली.

४ तारीख, गुरुवार

दुपारी एक म्हातारबाबा आले. इथेच सांधेवाले होते, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घालायचं काम. पलीकडे शेतात राहतात. एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं अर्धंच ऐकतात आणि स्वतः दुप्पट बोलतात. मला वहिनी म्हणतात. चहा तीन कप झाला.

त्यांनी सांगितलेलं सगळं लिहिते, वाचनालयाला उपयोगी पडेल. लाईन टाकली ती दगडाच्या खाणीसाठी. तेव्हा दिवसाला आठ गाड्या. खाण आटली तशा चार झाल्या, मग एक, तीही दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची. मग बंदचा कागद आला. कागदात होतं की बदलीचा माणूस येईल, त्याच्या हाती चार्ज द्यावा आणि मग मास्तरांनी निघावं. मास्तरांची बायको सामान घेऊन पुढे गेली. हे थांबले. बदलीचा माणूस आलाच नाही. पाठवायचा राहून गेला असणार, कुणाच्या तरी टेबलावर कागद दबला असणार. मास्तर नऊ वर्षं थांबले. रोज दोन वाजून दहाला उठून दांडा ओढायचे, बुकात लिहायचे. एक दिवस खुर्ची रिकामी, चष्मा बुकावर. जाताना कुणी पाहिलं नाही.

ते गेल्यावर मला उगाच थकल्यासारखं झालं. नऊ वर्षं म्हणजे केवढी.

७ तारीख, रविवार

आज मी मास्तरांचं बुक वाचलं. अक्षर अक्षर लावत, सकाळपासून जेवणापर्यंत. शेवटची शंभर पानं एकच ओळ. बदलीचा माणूस आला नाही, वाट पाहतो. बदलीचा माणूस आला नाही, वाट पाहतो. अक्षर आधी ताठ, मग वाकत वाकत जातं, शेवटी तर नुसतं आडवंच. सगळ्यात खाली लिहिलंय, चार्ज दिला, आणि त्यांची सही. पुढे चार्ज घेतला, आणि जागा कोरी.

माझा जीव गलबलला. आमचे हे दुकानावरून यायला उशीर करत तेव्हा मी अशीच दारात उभी असायची. म्हटलं, बिचारा जाऊ दे घरी. भिंगरीने कागदावर काढून दिलेलं माझं नाव समोर ठेवलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं. जोडाक्षरासकट, कुणी हात न धरता, पहिल्यांदाच. आणि मोठ्याने म्हटलं, घेतला हो चार्ज, निघा आता.

खुर्ची करकरली. माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठतो तेव्हा वाजते तशी. उशीचा खळगा हळूहळू भरून वर आला.

वारा असेल. पण छान वाटलं. भिंगरीला नाव दाखवलं, तिने शेजारी बरोबरची खूण केली.

९ तारीख, मंगळवार

दुपारी जरा आडवी झाले होते. घंटा वाजली. कुणी ऐकली नाही, सूनबाई शेजारीच मटार सोलत होती. मी उठून गेले. तार तर तुटलेली. माझा हात आपोआप तिसऱ्या दांड्यावर गेला आणि दांडा, जो मुलाला दोन्ही हातांनी हलला नव्हता, तो माझ्या एका हाताने खाली आला. बाहेर सिग्नलची पाटी पडली. गाडी आली नाही.

घड्याळात दोन दहा.

बुक उघडून पाहिलं. मास्तरांची सही होती तिथे आता नुसता शाईचा डाग. त्याखाली आजची तारीख, वेळ, आणि दांडा ओढला, असं माझ्या अक्षरात. मी लिहिल्याचं मला आठवत नाही.

१२ तारीख, शुक्रवार

रोज दोन दहा. काल ठरवून गेले नाही, कानात बोळे घालून पडले. घंटा थांबेचना. कानातून दातात उतरली, दातातून गुडघ्यात. शेवटी गेले. दांडा ओढल्यावरच हाडं गप्प झाली.

उशीला खळगा पडलाय. मी बसून पाहिलं. माझ्या मापाचा आहे.

सूनबाईने रक्तदाब पाहिला. म्हणाली, आई, वजन उतरलंय, दुपारची झोप मोडू नका. मी म्हटलं, मला मोडायची हौस आहे का. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पांघरूण घातलं. वेड्यासारखं नाही वागली, पण पटलं नाही तिला.

१५ तारीख, सोमवार

सांधेवालेबाबा आले. बुक दाखवलं. माझी सही पाहिली आणि चहा तसाच ठेवून उभे राहिले. म्हणाले, वहिनी, मास्तर माझ्या पाया पडले होते, तू घे म्हणून. दया येऊन मी अंगठा उठवला. बुकाने घेतला नाही. त्याला हकीकत लागते आणि खाली सही लागते, पूर्ण नावाची. मला लिहिता येत नाही म्हणून मी शेतात आहे.

मी विचारलं, सुटका कशी. म्हणाले, कुणीतरी तुमच्याकडून घेतला तर. आणि मग बघितलं त्यांनी, भिंगरी खिडकीच्या काठावर खडूने नाव काढत होती.



१७ तारीख, बुधवार

मुलगा डॉक्टरकडे न्यायला निघाला. टेम्पोत पुढे बसले. बाहेरच्या सिग्नलपर्यंत आठवतं. डोळे मिटले, उघडले तर खुर्चीत. मुलगा धापा टाकत आला. म्हणाला, आई, तू चालत्या गाडीतून उतरलीस आणि तरण्या पोरीसारखी तरातरा परत आलीस, हाका मारल्या तरी मागे पाहिलं नाहीस.

मला आठवत नाही. पाय मात्र सुजलेत.

२० तारीख, शनिवार

बुक पिठाच्या डब्यात लपवलं. दोन दहाला टेबलावर. चुलीत घातलं. टेबलावर, पानांत राख.

आज भिंगरीने पेन्सिल घेऊन विचारलं, आजी, या मोठ्या वहीत मी लिहू. मी तिच्या हातावर मारलं. सात वर्षांत पहिल्यांदा. ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

मी रडले.

२२ तारीख, सोमवार

सूनबाई म्हणाली, एवढं लिहून दमता तर द्या, तुमच्याऐवजी मी लिहिते. किती सहज म्हणाली. मायेने.

पेन्सिली सगळ्या गोळा केल्या. मुलाची सुताराची लाल पेन्सिलसुद्धा. विहिरीत टाकल्या. ही एक ठेवली, कमरेला.

दमले आहे. झोप येते पण लागत नाही. ड्यूटीवर झोपत नाहीत.

२४ तारीख, बुधवार

ठरवलं. मी राहते. कुणाला द्यायचा नाही. मास्तर नऊ वर्षं राहिले, माझं वय पाहता मला इतकी लागायची नाहीत.

पण ही तिघं इथून गेली पाहिजेत. आणि मला टाकून जाणार नाहीत — चांगली आहेत ना, हीच अडचण.

२५ तारीख, गुरुवार

सूनबाईला बोलले. स्वयंपाकावरून, माहेरावरून, पोरीला वळण नाही यावरून. बारा वर्षं जे मनातही आलं नाही ते शोधून शोधून बोलले. मुलगा मध्ये पडला, त्यालाही. म्हटलं, बायकोच्या ताटाखालचं मांजर.

ती मोरीत जाऊन रडली. मग बाहेर आली आणि माझी गोळी, पाणी हातात दिलं.

तरी थांबले नाही. अजून बोलले —

२७ तारीख, शनिवार

काम संपलंय. उद्या टेम्पो. मी येत नाही म्हटलं. मुलगा चिडून म्हणाला, राहा, चार दिवसांनी राग उतरला की न्यायला येतो. सांधेवाल्यांकडून डबा येईल.

येऊ दे. तोवर बघू. बुक उशीखाली घेऊन बसेन. उद्या एकदा गेली की —

फक्त उद्याचा दिवस.

२८ तारीख, रविवार. वेळ दोन वाजून बारा.

माझी वही टेम्पोत गेली. भिंगरीने काढून दिलेला नावाचा कागद तिच्यातच. हे मास्तरांच्या बुकात लिहिते. हकीकत लागते म्हणून हकीकत.

सामान भरलं. भिंगरी निरोपाला आत आली. मी खुर्चीत. मांडीवर बुक. तिने केसांवरून हात फिरवला आणि माझा डोळा लागला — दोन मिनिटं — किती गाढ. पाठ दुखत नव्हती. तेव्हाच कळायला हवं होतं.

जागी झाले तर कमरेची पेन्सिल टेबलावर. बुकात तिचं गोल अक्षर. आजी दमली आहे. तिला झोपू दे. चार्ज घेतला. खाली नाव. पूर्ण.

दोन दहा झाले. घंटा वाजली नाही. वाटलं, सुटले.

बाहेरून भिंगरीने विचारलं, आजी, घंटा कोण वाजवतंय.

टेम्पो सुरू आहे. मुलगा हाका मारतोय — ती चढत नाही. आत आली. तिसऱ्या दांड्याला हात — मी धरलं तिला, माझ्या हातून निसटते, केवढी ताकद —

खुर्चीत खळगा पडलाय. लहान.

चार्ज परत घेते. नातीकडून घेतला. मी घेतला. राजीखुशीने. खाली सही.

वरची माझी सही बघून काढावी तर तिथे नुसता डाग —

पहिलं अक्षर आलं. आता ते — आधी — हात धरायला कुणी — भिंगरी, दांडा सोड बाळा, इकडे बघ, आधी सांग मला, अर्धं आधी की