दोघांचा फोटो

प्रिय रोदेल,

तुझा फोन येऊन गेला त्याला बरेच दिवस झाले. तुला उत्तर हवं होतं, म्हणून लिहायला बसले. आधी इथली खबरबात. वॉर्नम्बूलचा वारा तसाच आहे. ग्लेनिसबाईंचा गुडघा पुन्हा दुखतोय, तरी बेकरीची मालकीण म्हणून भट्टीपाशी येऊन माझ्यावर नजर ठेवतातच. शुक्रवारी मला आपले पांदेसाल करू देतात. इथली माणसं त्या पावात सॉसेज भरून खातात. हल्ली मला कशाचं फारसं काही वाटतच नाही.

अभ्यास चालू आहे, बालवाडीची बाई होण्याचा. माझ्या व्हिसावर शिकायला कुणी अडवत नाही, फक्त बेकरची नोकरी सोडायची नाही. ती गेली की व्हिसाही गेला. दुपारी भट्टीवरून आले की घरून ऑनलाइन वर्ग करते. परवा डोळा लागला, तर वर्गातली एक पोर म्हणाली, नेनिताताई, तुमच्या भुवईला पीठ लागलंय. सगळे हसले, मीही हसले. लेखी सगळं पास झाले. आता राहिलंय ते बालवाडीत प्रत्यक्ष काम करणं, सलग काही आठवडे, दिवसभर, बिनपगारी. त्याशिवाय कागद हातात पडत नाही. ग्लेनिसबाईंना विचारलं तर म्हणाल्या, शीक की बाई, कोण नको म्हणतंय, पण तेवढे दिवस भट्टीवर कुणाला उभं करू, माझ्या गुडघ्याला? त्यांचंही काही चुकलं नाही.

घर सोडून इलोइलोहून या देशात यायला निघताना आपलं ठरलं होतं, आधी तू, मग मी. व्हिसा माझ्या नावावर, म्हणून पीठ मी मळायचं आणि नर्सिंग तू शिकायचं. तू ओट्याशी उभा राहून मोठ्यांदा हाडांची नावं पाठ करायचास आणि मी अंघोळ करताना तीच पुटपुटायचे. मला ती अजून येतात. मग तुला जिलाँगच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मग मारिसेल भेटली. माझा नंबर यायच्या आत तू गेलास. तेव्हा मी रडायला हवं होतं. पण पहाटेचे पाव करायचे होते, ते केले.

आणि आता तू म्हणतोस, कायमचं राहायचा अर्ज भरतोय, त्यात तुला बायको म्हणून दाखवतो, कागदोपत्री आपण अजून नवराबायको आहोतच. मंजूर झाला की भट्टी सोड आणि खुशाल शीक. मारिसेलचीही हरकत नाही म्हणालास. तुझ्या मनाला काहीतरी लागलंय, ते कळलं मला. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. एकत्र राहतो याचा पुरावा हवा, दोघांचे अलीकडचे फोटो पाठव म्हणालास, म्हणून फोन उघडून बसले. तू पुस्तक घेऊन. तू गणवेशात. तू पदवीच्या टोपीत. सगळे मीच काढलेले. दोघांचा एकही सापडला नाही. पदवीच्या दिवशी एक बाई म्हणाली होती, द्या इकडे, मी दोघांचा काढते. मी थेट भट्टीवरून आलेली, अंगाला आंबलेल्या पिठाचा वास, म्हणून नको म्हणाले. तूही आग्रह केला नाहीस. तेव्हा अर्जात माझं नाव घालू नकोस. रागानं म्हणत नाही, राग यायचाही राहून गेला. बालवाडीवाल्यांनी आठवड्यातून दोनच दिवस ये म्हणून कबूल केलंय, वेळ लागेल तेवढा लागू दे. ते दोन दिवस ग्लेनिसबाई मला सकाळीच सोडणार आहेत, मागचं त्या स्वतः बघतील, गुडघा चोळत का होईना. झोपेचं बघू. बालवाडीच्या ओळखपत्राला फोटो लागत होता, तो ग्लेनिसबाईंनीच बेकरीत काढला. केसांत पीठ आहे, पण त्यात मी आहे.

एकेकाळी तुझीच,
नेनिता