क्यूचं शेपूट

८ डिसेंबर, रविवार

बहिणीचं, प्रणालीचं, नितेशशी साक्षगंध झालं, साखरपुडा उरकला. सगळं नीट पार पडलं. टीव्हीचा विषय निघाला, ओएलईडी ठरला. पासष्ट इंची.

पाहुणे निघाले तेव्हा बाबा किसनरावांना, म्हणजे नितेशच्या वडिलांना, फाटकापाशी धरून बोलतच उभे राहिले. त्यांच्या गाडीवाल्याचा हॉर्नवर हॉर्न! बाबांना वेळेचं काही कळत नाही. बाहीवर झेंडूचा पिवळा डाग, तोही तसाच. शर्ट बदला म्हणून सकाळपासून दोनदा सांगितलं होतं.

९ डिसेंबर

काल 'ठरला' असं लिहिलं. शुद्धलेखन बरोबर, शब्द चूक. ठरला नाही. मी बोललो.

झालं असं. नितेशचे मामा, चंद्रभान मामा, चहा पिता पिता म्हणाले, "शिक्षण किती झालं जी तुमचं?" मी म्हणालो, "बारावी." बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा इंग्रजीत गेलो, हे कोण सांगणार? नितेश समोर बसलेला. डिप्लोमा झालाय, अकोल्याला एमआयडीसीत चांगली नोकरी आहे. मामा सोडेनात. "मंग करता काय?" म्हटलं, डीटीपी. लग्नपत्रिका, फ्लेक्स. "म्हंजे टायपिंग," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली.

टायपिंग! अर्ध्या अमरावतीच्या पत्रिकांवर 'आर्शिवाद' छापायचा. आमच्या दुकानातून गेलेल्या एकाही पत्रिकेवर तो नाही. रफार 'शि'वरून 'वा'वर मी नेला. पण हे बैठकीत सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "पोरीले आंदण म्हून एखादा टीव्ही देऊ म्हणतो, जमन तसा." मुलाकडच्यांची मागणी काहीच नव्हती. किसनराव तर दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते. मी बाबांना कोपराने ढोसलं. "तुम्ही राहू द्या, तुम्हाला त्यातलं कळत नाही." आणि मोठ्याने — "ओएलईडी घेऊ. पासष्ट इंची. जाणते लोक हल्ली तोच घेतात."

जाणते लोक! आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलेलं. तेही अर्धंच.

मामा म्हणाले, "बाप्पा! लय पुढचं बोलून राहिले हे तं." नितेशने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्या एका नजरेसाठी बोललो मी.

कोपराचं बाबांनी काही मनावर घेतलं नसावं. पण त्यानंतर चहा संपेपर्यंत ते बाहीवरचा डाग चोळत बसले.

१४ डिसेंबर, शनिवार

टीव्हीच्या दुकानात गेलो. धर्मपाल तिथे सेल्समन आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्याने दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. एक क्यूएलईडी, एक ओएलईडी. नावात फरक एका अक्षराचा. खरं म्हणजे अक्षराचाही नाही — इंग्रजी ओला खाली शेपूट लावलं की झाला क्यू.

ओएलईडीत म्हणे प्रत्येक ठिपका आपापला उजेड पाडतो. काळं असेल तिथे ठिपका विझतो, म्हणून काळा रंग अगदी काळा. क्यूएलईडीत मागून दिवे लावलेले असतात, त्याचा काळा जरा राखेसारखा, पण उजेड जास्त. ओएलईडीवर रात्रीचं आकाश लावलं होतं. काळं म्हणजे काय काळं! त्यात दुकानाची ट्यूबलाइट दिसत होती आणि तिच्याखाली मी.

ओएलईडीची किंमत क्यूएलईडीच्या दुपटीला टेकलेली. घरी सांगितली नाही.

५ जानेवारी, रविवार

अकोल्याला जाऊन आलो. भिंतीचं माप घ्यायला म्हणून टेप घेऊन गेलो. किसनरावांनी आग्रहाने जेवायला बसवलं. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. साधा माणूस. मी तीन वेळा माप घेतलं, तर टेपचं दुसरं टोक तीनही वेळा त्यांनी धरलं. एकदाही हसले नाहीत.

पण हॉल! पश्चिमेला एवढी मोठी खिडकी, पडदा नाही. "पडदा लावला की मले कोंडल्यावाणी होते," म्हणाले. दुपारी दोनला जुन्या टीव्हीत माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज. आणि त्यावर बातम्या. सकाळी सहापासून झोपेपर्यंत तेच एक चॅनल! बसमध्ये पस्तीस वर्षं लोकांच्या बातम्या ऐकल्या, आता यांच्या ऐकतो, असं म्हणाले.

परत येताना बसमध्ये मन लागलं नाही.

६ जानेवारी

धर्मपालला सगळं सांगितलं — खिडकी, ऊन, एकच चॅनल. तो म्हणाला, "मंग ओएलईडीचं नावच घेऊ नको. उन्हात फिक्का पडन. अन् एकच चॅनल दिवसभर चालू ठेवलं तं त्याचा कोपऱ्यातला शिक्का पडद्यात कायमचा बसू शकते. क्यूएलईडी घे, डोळे झाकून."

मी म्हटलं, पण मी ओएलईडी बोललोय.

"अबे, तुले टीव्ही घ्याचा हाय का इज्जत?"

मी किमतीचा कागद खिशात घातला आणि निघालो.

७ जानेवारी

धर्मपालच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. टीव्हीही, इज्जतही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

क्यूएलईडी आणला. त्या घराला तोच योग्य. हे मी रागाच्या किंवा कंजुषीच्या भरात लिहीत नाही, नीट विचार करून लिहितो. ऊन आहे. बातम्या आहेत. ओएलईडी आम्हाला झेपलाही नसता, हेही आहे.

म्हणजे सांगायला अडचण काही नाही. नितेशला मेसेज लिहिला — 'तुमच्या हॉलमध्ये ऊन जास्त येतं, म्हणून ओएलईडीऐवजी क्यूएलईडी घेतला आहे.' एकही चूक नव्हती. पाठवला नाही. मग 'घेत आहोत' केलं. मग 'घ्यावा का?' केलं. मग सगळंच पुसलं. तो म्हणेल, ठीक आहे भाऊ. आणि मामांना सांगेल. आणि मामा म्हणतील, टायपिंगवाला.

खोकं आतल्या खोलीत ठेवलं. आईने त्याला हळदीकुंकू लावलं. म्हणाली, "केवढा आणला रे! दारातून जाईन का त्यायच्या?" बाबांनी खोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हा तोच का, तू म्हटला होता तो?"

मी म्हटलं, हो.

ते "बरं" म्हणाले आणि झेंडूच्या मळ्यात गेले.

२१ फेब्रुवारी

लिहू की नको. लिहितो.

रुखवतात टीव्ही खोक्यासकट मांडायचं ठरलं आहे. खोकं काळं आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरांत वीतभर उंच QLED. चारही बाजूंना. आमच्या दुकानात फ्लेक्सच्या कामातले काळ्या, चिकट व्हिनाइलचे तुकडे पडलेले असतात. एक घरी आणला. दार लावलं. कटरने नखाएवढे चार तुकडे कापले आणि चारही क्यूंची शेपटं झाकली.

फार छान बसले. हेच वाईट आहे. रंग जुळला, कड दिसत नाही. लोकांच्या पत्रिकांवरच्या चुका शोधून काढायची जी नजर, तीच वापरली.

इंग्रजीने मला दोनदा पाडलं. आज तिच्या एका अक्षराचं शेपूट कापून बसलो आहे. चोवीस वर्षांचा घोडा!

२२ फेब्रुवारी

रुखवतावरच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या. शेवया, कुरडया, पापड, भांडी, फुलांची परडी. शेवटची: '६५ इंची ओएलईडी दूरदर्शन संच. चि. सौ. कां. प्रणाली हिस सप्रेम.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. नुसतं खोटं आहे.

२४ फेब्रुवारी

लग्न काल झालं. आज अंग दुखतंय, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

जेवणाआधी दोन्हीकडचे लोक रुखवत बघायला आले. चंद्रभान मामा बरोबर खोक्यापाशी थांबले. खाली वाकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "हे काय चिकटलं जी इथं?" असं म्हणत बोट पुढे नेलं. हातात अक्षतांचं ताट होतं, ते मधे घालायला मी पुढे झालो.

तेवढ्यात मागून किसनराव आले. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली, थांब्याचं नाव पुकारावं तशी — "पासष्ट इंची ओएलईडी दूरदर्शन संच! वा! अक्षर पाहा चंद्रभान, छापल्यावाणी. गोवर्धनभाऊचं हाय." सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "चाल आता, जेवाले. पंगत बसून राहिली." मामांना ते जवळजवळ ओढतच घेऊन गेले.

वाचलो.

आणि तेव्हाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्या माणसाने टेपचं टोक धरलं होतं तीन वेळा. त्याला मी फसवलं, आणि तो चार लोकांत माझ्या अक्षराचं कौतुक करतो!

पाठवणीच्या वेळी प्रणाली रडली. मीही रडलो. लोकांना वाटलं बहिणीसाठी. निम्मं तिच्यासाठी होतं.

३ मार्च

प्रणालीचा फोन. टीव्ही लावला म्हणाली. "चांगला हाय." बस, एवढंच. मी आणखी काही विचारलं नाही.

१९ मार्च

पुन्हा फोन. टीव्हीचं काही बोलली नाही. मीही नाही.

२७ एप्रिल, रविवार

अखजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, प्रणालीला आणायला मुऱ्हाळी म्हणून अकोल्याला गेलो. तापमान चव्वेचाळीस. बसच्या खिडकीची दांडी हाताला भाजत होती.

पोचलो तेव्हा लाइट गेलेली. पाच मिनिटांत आली आणि किसनरावांनी रिमोट दाबला. पडदा उजळला आणि मधोमध, दोन हात लांब, आलं — QLED. शेपटासकट! मी चार बाजू झाकल्या होत्या. टीव्ही सुरू होताना स्वतःचं नाव स्वतः सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिने रोज सकाळी सहाला या घरात ते येतंय.

किसनराव पडद्याकडे पाहत नव्हते. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "पाहा गोवर्धनभाऊ, भर दुपारी कसं लख्ख दिसते! लय विचार करून आणला तुमी." खिडकी सताड उघडी होती. खरंच लख्ख दिसत होतं.

टीव्हीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढा काळा तुकडा चिकटवलेला. मी ओळखला. तो तिरपा काप माझ्याच कटरचा.

"ते काय आहे?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"रात्री बंद केला तरी बारीकसा लाल दिवा राहते चालू, डोळ्यात येते. सुनबाईनं लावून देल्लं काहीतरी. बरी आयडिया हाय तिची."

प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर तोंडाला लावून.

परतीची बस मूर्तिजापूरला पोचली. मग तीच म्हणाली, "दादा, एकाच बाजूले लावलं असतं तं मले वाटलं असतं माशी बसली. चारी बाजूनं माशा बसते का रे?" आणि इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मला हसू आलं नाही.

मी विचारलं, "घरात सगळ्यांना कळलं?"

"खोकं खोललं तवा यायनं पाहिलं. मामंजीनं पाहिलं. कोनी काही बोललं नाही."

"चिडले नाहीत?"

"कायले चिडतीन? त्यायले तं आधीच मालूम होतं."

"कसं काय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणाली, "मले नको विचारू. बाबाले विचार."

२८ एप्रिल

बाबा सकाळी झेंडूची पोती शिवत होते. विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. सुई ओढत म्हणाले, "साक्षगंधाच्या दिवशीच सांगतलं होतं म्या किसनरावले, फाटकापाशी. म्हटलं, पोट्टं बोलून गेलं, आमच्यानं होनार नाही तो. जमन तो देऊ. पन त्याले काही म्हनू नका, लय लाजते तो. ते म्हनले, नाही म्हनत."

म्हणजे लग्नात चिठ्ठी मोठ्याने वाचली, तेव्हा किसनरावांना माहीत होतं.